शून्य कधी खरे? इन्फ्लुएन्झाविरुद्धच्या टी-पेशी मोजण्याच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट: आराखडा आणि पेशींचा हिशोब

प्रश्न असा आहे: निरोगी प्रौढांच्या रक्तात इन्फ्लुएन्झा ए विषाणूच्या आतल्या दोन प्रथिनांना, म्हणजे एम१ आणि न्यूक्लिओप्रोटीन (पुढे एनपी) यांना ओळखणाऱ्या टी-पेशी किती, आणि त्या सीडी४ (मदतनीस) की सीडी८ (मारक)? विषाणूच्या पृष्ठभागावरचे हिमॅग्लुटिनिन सतत थोडे थोडे बदलत राहते, त्यामुळे त्याविरुद्धची प्रतिपिंडे जुनी पडतात. एम१ आणि एनपी फारशी बदलत नाहीत. मॅकमायकल आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये स्वयंसेवकांना मुद्दाम संसर्ग देऊन दाखवले की ज्यांच्या मारक टी-पेशी जोरदार, ते विषाणू कमी बाहेर टाकतात, आणि हे प्रतिपिंडे नसतानाही घडते. २००९ च्या साथीत ब्रिटनमधल्या पाहणीतही आधीपासून अशा सीडी८ पेशी जास्त असलेल्यांचा आजार सौम्य राहिलेला दिसला.

पद्धत: इंटरफेरॉन गॅमा एलिस्पॉट (चेतलेली टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडते, तिच्या जागी पडद्यावर एक ठिपका उमटतो, ते ठिपके मोजायचे), जोडीला पेशींतर्गत सायटोकाइन (इंटरफेरॉनसारखी निरोप्या प्रथिने) रंगवून फ्लो सायटोमेट्री, म्हणजे एकेक पेशी लेसरसमोरून नेऊन तिचे रंग मोजणे. बारा दाते, लेखी संमती घेतलेले, सांकेतिक क्रमांक न-१ ते न-१२. प्रत्येकाकडून हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये ४० मिली रक्त, शिवाय सीरमसाठी वेगळी ५ मिलीची साधी ट्यूब. हेपॅरिनचा प्लाझ्मा पीसीआरला चालत नाही, एन्झाइम अडते. विषाणूचा आरएनए शोधायची वेळ आली तर स्वॅब वेगळा घ्यावा लागेल.

पेशींचा हिशोब आधी मांडला, कारण ऐन वेळी पेशी कमी पडल्या की पहिला बळी निगेटिव्ह वेलचा जातो. एका वेलमध्ये (प्लेटच्या ९६ खाचांपैकी एकीत) अडीच लाख पेशी. निगेटिव्ह, म्हणजे प्रथिनाचे तुकडे न घातलेले, ६ वेल. एम१, एनपी-अ, एनपी-ब (एनपीचे दोन भाग) आणि सीईएफ (तीन विषाणूंच्या तुकड्यांचे मिश्रण) प्रत्येकी ३. एकूण १८ वेल, ४५ लाख पेशी. अँटी-सीडी३ चे (सगळ्याच टी-पेशी चेतवणारे प्रतिपिंड) २ वेल, प्रत्येकी ५० हजार. म्हणजे एका नमुन्याला ४६ लाख. एका व्हायलमध्ये एक कोटी गोठवल्या, वितळवताना ३० टक्के आणि रात्रभराच्या विश्रांतीत उरलेल्यांच्या २० टक्के गेल्या असे धरले, तरी ५६ लाख हाती राहतात. एलिस्पॉटला एक व्हायल पुरते. फ्लोसाठी दुसरे लागणार. एका मिली रक्तातून साधारण १० ते १५ लाख पेशी मिळतात, तेव्हा ४० मिलीतून चार ते सहा व्हायल.

प्लेटचा नकाशा: ४ नमुने × २० वेल = ८०. उरलेल्या १६ पैकी १४ नियंत्रण नमुना नि-१ ला, २ वेल पेशींविना. नि-१ म्हणजे एकाच दात्याच्या, एकाच दिवशी गोठवलेल्या पेशींचा साठा. तो प्रत्येक प्लेटवर बसणार. या १६ वेलमध्ये आणखी एक नमुना जवळजवळ बसला असता, पण नि-१ शिवाय दोन प्लेटांची तुलना करायला काहीच आधार राहत नाही.

६ ऑगस्ट: पेप्टाइडचे पूल

प्रथिनाचे १५ अमिनो आम्लांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, शेजारच्या दोघांत ११ ची सामाईक पट्टी, म्हणजे प्रत्येक पेप्टाइड आधीच्यापेक्षा ४ पुढे सुरू होते. या मांडणीत १२ अमिनो आम्लांपर्यंतचा कोणताही तुकडा कुठल्या ना कुठल्या पेप्टाइडमध्ये अखंड सापडतो. सीडी८ पेशींना लागणारे ८ ते ११ लांबीचे तुकडे त्यात आलेच.

एम१ ची लांबी २५२, त्याला ६१ पेप्टाइडे. एनपीची ४९८, त्याला १२२. दोन्हींत शेवटचे पेप्टाइड टोकाला जुळवून घेतलेले आहे.

खरी अडचण डीएमएसओची, म्हणजे पेप्टाइडे विरघळवणाऱ्या द्रावकाची. प्रत्येक पेप्टाइड डीएमएसओमध्ये ५० मिग्रॅ प्रति मिली. ६१ समप्रमाणात मिसळून एक पूल केला की प्रत्येकाची तीव्रता ०.८२ मिग्रॅ प्रति मिली होते. वेलमध्ये प्रत्येकी २ मायक्रोग्रॅम प्रति मिली हवे, म्हणजे साधारण १:४१० सौम्य करायचे आणि वेलमध्ये डीएमएसओ ०.२४ टक्के. १२२ चा एकच पूल केला असता तर हेच ०.४९ टक्क्यांवर गेले असते, तेही एनपीच्याच वेलमध्ये. मग निगेटिव्ह नेमका कशाचा ठेवायचा? म्हणून एनपीचे ६१-६१ असे दोन भाग केले. आता तिन्ही पूल सारखे आणि ०.२४ टक्के डीएमएसओचा एकच निगेटिव्ह तिघांनाही लागू.

चार पेप्टाइडे डीएमएसओत नीट विरघळली नाहीत, तळाशी गढूळपणा राहिला. ३७ अंशांवर १० मिनिटे ठेवून हलवल्यावर तीन साफ झाली. चौथे सोनिकेटरच्या पाण्यात ५ मिनिटे धरावे लागले. ती न विरघळवता पूल केला असता तर ती जागा प्रथिनातून गळाल्यासारखीच, आणि वरून पाहून काही कळलेही नसते. पूल २० मायक्रोलिटरच्या वाट्यांत उणे ८० ला. एकदा वितळलेला वाटा परत गोठवायचा नाही.

११ ते १४ ऑगस्ट: रक्तातून पेशी वेगळ्या करणे

सगळे रक्त संसर्गजन्य समजून काम, जैवसुरक्षा पातळी २ च्या कॅबिनेटमध्ये. रक्त १८ ते २२ अंशांवर ठेवायचे, फ्रिजमध्ये नाही. पीबीएससोबत (क्षारांचे द्रावण) समप्रमाणात सौम्य केलेले ३० मिली रक्त, १५ मिली फायकोलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा द्रव, घनता १.०७७) ट्यूब तिरकी धरून हळू सोडले. सेंट्रिफ्यूज ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटे, २० अंश, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थांबताना थर ढवळतो आणि तासाभराचे काम वाया जाते.

फायकोल खोलीच्या तापमानावर आणूनच वापरायचे. थंड असले तर ते जास्त घन व चिकट असते, तांबड्या पेशी नीट गुठळून खाली बसत नाहीत आणि ग्रॅन्युलोसाइट (दाणेदार पांढऱ्या पेशी) वरच्या थरात राहतात. फार गरम असले तर लिम्फोसाइट (यांतच टी-पेशी असतात) खाली निसटतात.

पांढरा थर उचलला. पहिली धुलाई ३०० जी, १० मिनिटे; दुसरी २०० जी, म्हणजे प्लेटलेट वर राहून टाकल्या जातात. प्लेटलेट जास्त राहिल्या की मोजणी फसते आणि पेशींचे गुठळेही होतात.

मोजणी अ‍ॅक्रिडीन ऑरेंज आणि प्रॉपिडियम आयोडाइडने. हे रंग केंद्रकाला धरतात, त्यामुळे तांबड्या पेशी आणि प्लेटलेट मोजणीत शिरत नाहीत.

नमुनेनिहाय शेरे: न-१ ते न-६ साफ. न-७: रक्त आदल्या संध्याकाळी घेतलेले, हाती येईपर्यंत १९ तास झाले. थर नेहमीपेक्षा जाड, कडा लालसर. मोजणी मात्र चांगली, ६.१ कोटी. न-८ ते न-१२ साफ. न-११ मधून फक्त ३.८ कोटी.

गोठवणे: ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ, थंड, थेंब थेंब. एका व्हायलमध्ये १ मिली, एक कोटी पेशी. न-११ चे तीनच व्हायल झाले, उरलेल्या ८० लाख चौथ्यात. मिनिटाला १ अंश उतरणाऱ्या आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यातून उणे ८० ला. डब्यातले आयसोप्रोपॅनॉल पाच वापरांनंतर बदलायचे. हवेतले पाणी शोषले की थंड होण्याची गती बदलते. डब्यावर पेन्सिलने रेघा ओढल्या आहेत, पाचवी रेघ पडली की ओतून द्यायचे.

१७ ऑगस्ट

सर्व व्हायल द्रव नायट्रोजनच्या वाफेत हलवले. शेवटची तुकडी उणे ८० ला ६८ तास होती. ७२ तासांच्या आत हे व्हायलाच हवे. उणे १३० अंशांखाली गेल्याशिवाय बर्फाचे स्फटिक वाढणे पुरते थांबत नाही.

१९ ऑगस्ट: वितळवणे, प्लेट १ (न-१ ते न-४)

व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात, शेंगदाण्याएवढा बर्फ उरेपर्यंत. मग मिनिटभरात थेंबाथेंबाने १ मिली कोमट माध्यम, त्यानंतर ८ मिली. एकदम ओतले तर पेशींच्या आत डीएमएसओ आणि बाहेर पाणी अशी ओढ लागून पेशी फुगून फुटतात. माध्यमात न्यूक्लिएज (डीएनए तोडणारे एन्झाइम) ५० युनिट प्रति मिली, म्हणजे मेलेल्या पेशींच्या डीएनएने गुठळ्या होत नाहीत. या टप्प्याला माध्यमात ईडीटीए असता कामा नये. न्यूक्लिएजला मॅग्नेशियम लागते आणि ईडीटीए ते बांधून ठेवतो. मग एन्झाइम घालूनही गुठळ्या तशाच.

३०० जी, १० मिनिटे. पेशी २० लाख प्रति मिली करून रात्रभर ३७ अंशांवर. ट्यूब पॉलिप्रॉपिलीनच्या, झाकण सैल, पाच अंश तिरप्या. पॉलिस्टायरीनला मोनोसाइट चिकटून बसतात आणि सकाळी पेप्टाइड दाखवणाऱ्या पेशीच कमी झालेल्या असतात.

रात्रभराच्या विश्रांतीने संख्या कमी होते हे खरे, पण ज्या पेशी मरणारच होत्या त्या प्लेटवर न जाता इथेच मरतात. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना धरणारा रंग) वितळवल्याबरोबर ९० टक्के जिवंत दाखवतो आणि त्यातल्या बऱ्याच पेशी आतून मरणाच्या वाटेवर असतात. म्हणून सकाळची मोजणी हीच खरी. मर्यादा: विश्रांतीनंतर ८० टक्के जिवंत, त्याखाली नमुना लावायचा नाही.

त्याच दुपारी प्लेटला लेप दिला. पीव्हीडीएफ पडदा ३५ टक्के इथेनॉलने भिजवला, वेलमध्ये १५ मायक्रोलिटर, जास्तीत जास्त एक मिनिट. निर्जंतुक पाण्याने पाच वेळा, दर वेळी २०० मायक्रोलिटर. यानंतर पडदा क्षणभरही कोरडा पडू द्यायचा नाही. इंटरफेरॉन गॅमा पकडणारे प्रतिपिंड (१-डी१के) १५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, वेलमध्ये १०० मायक्रोलिटर: १ मिग्रॅ प्रति मिलीच्या साठ्यातून १५० मायक्रोलिटर, ९.८५ मिली पीबीएसमध्ये. रात्रभर ४ अंशांवर. इथेनॉलचा टप्पा गाळला तर प्रतिपिंड पडद्यावर नीट बसत नाही आणि ठिपके फिकट, पसरट येतात. जास्त वेळ ठेवले तर पडदा खालून झिरपतो.

२० आणि २१ ऑगस्ट: प्लेट १

लेप धुऊन १० टक्के सीरमच्या माध्यमाने पडद्यावरच्या मोकळ्या जागा ३० मिनिटे अडवल्या. आधी दुप्पट तीव्रतेची पेप्टाइडे १०० मायक्रोलिटर, मग पेशी १०० मायक्रोलिटर (२५ लाख प्रति मिली). पेशींची ट्यूब प्रत्येक रांगेआधी हलकेच उलटीपालटी. पेशी दोन मिनिटांत तळाला बसायला लागतात आणि मग रांगारांगांत पेशी कमीजास्त जातात.

प्लेट १० मिनिटे सपाट ठेवून मग ३७ अंशांवर २० तास. प्लेटवर प्लेट ठेवली नाही. तशी ठेवली तर कडेचे वेल आधी तापतात आणि पेशी एका बाजूला सरकतात. २० तास इन्क्युबेटर उघडायचा नाही, दारावर चिठ्ठी लावली. हललेल्या प्लेटवर ठिपक्यांना धूमकेतूसारख्या शेपट्या येतात आणि मोजणीयंत्र एकाचे दोन धरते.

दुसऱ्या दिवशी पेशी टाकून पीबीएसने पाच धुलाया. ट्वीन (साबणासारखे द्रव्य) अजिबात नाही, त्याने पडदा गळू लागतो. बायोटिनचे प्रतिपिंड (७-बी६-१) १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, २ तास. बायोटिनला चिकटणारे स्ट्रेप्टाव्हिडिन-एएलपी (एएलपी हे एन्झाइम) १:१०००, १ तास. बीसीआयपी/एनबीटी (एएलपीमुळे रंग धरणारा सबस्ट्रेट) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, १२ मिनिटे. न गाळता वापरले तर त्यातले कण ठिपके म्हणून मोजले जातात. नळाच्या पाण्याने थांबवले, खालचे झाकण काढून मागची बाजूही धुतली, अंधारात वाळवली. ओल्या पडद्यावर मोजायचे नाही, पार्श्वभूमी गडद दिसते.

नि-१: निगेटिव्ह सरासरी २, एम१ चे ३८, ४१, ३५, सरासरी ३८. दहा लाख पेशींमागे (३८ − २) × ४ = १४४. पेशींविना वेल स्वच्छ. न-१ ते न-४ चौघांतही एम१ आणि एनपीला प्रतिसाद. प्रकल्पाची मर्यादा: निगेटिव्ह वजा करून दहा लाखांमागे ५०, आणि शिवाय निगेटिव्हच्या किमान तिप्पट. दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात.

२६ ऑगस्ट: प्लेट २ (न-५ ते न-८) बाद

निगेटिव्ह वेलमध्ये ३० ते ५५ ठिपके. चारही नमुन्यांत, आणि नि-१ मध्येही. नि-१ नेच निदान अर्धे सोपे केले: दोष दात्यांचा नाही, प्लेटचा आहे. पेशींविना वेल स्वच्छ, म्हणजे सबस्ट्रेट आणि प्रतिपिंडेही निर्दोष. पेशींनाच काहीतरी चिथावते आहे.

निगेटिव्ह वजा करून प्लेट वाचवता येईल का? नाही. निगेटिव्हची सरासरी ४० असली तर नुसत्या योगायोगाचा चढउतार √४०, म्हणजे सुमारे ६. दहा लाखांमागे ५० चा प्रतिसाद वेलमध्ये १२-१३ ठिपक्यांचा असतो. ४० वर १२ चढले की तो प्रतिसाद आहे की योगायोग, हे सांगता येत नाही. मोठे प्रतिसाद तगतील, लहान सगळे बुडतील, आणि हा प्रकल्प लहानांसाठीच आहे.

२८ ते ३० ऑगस्ट: कारण शोधणे

नोंदवही ताडून पाहिली. प्लेट १ आणि २ मध्ये दोनच गोष्टी बदलल्या होत्या: डीएमएसओची नवी बाटली आणि सीरमचा नवा लॉट. नि-१ चे एक व्हायल काढून लहान चाचणी लावली: जुना लॉट, नवा लॉट आणि सीरमविना माध्यम, प्रत्येकात डीएमएसओविना आणि ०.२४ टक्के डीएमएसओसह; प्रत्येकी ४ वेल. एकूण २४.

जुन्या लॉटमध्ये १ ते ३ ठिपके, सीरमविना ० ते २, नव्या लॉटमध्ये २६ ते ४१. डीएमएसओने कुठेच फरक नाही.

नवा लॉट ५६ अंशांवर निष्क्रिय केलेलाच होता, पण त्याचा इथे उपयोग नाही. उष्णतेने पूरक प्रथिने निकामी होतात, एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातले विष) होत नाही, ते उष्णता पचवते. पेशी रात्रभर याच सीरममध्ये विसावल्या, म्हणजे चिथावणी प्लेटच्या आधीच सुरू झालेली.

उपाय: लॉटचे तीन नमुने मागवून याच चाचणीने तपासायचे, निगेटिव्ह सर्वांत कमी आणि नि-१ चा एम१ प्रतिसाद सर्वांत चांगला असलेला निवडायचा, आणि अख्ख्या प्रकल्पापुरत्या बाटल्या एकदम घेऊन उणे २० ला ठेवायच्या. निवड करताना फक्त निगेटिव्ह बघणे घातक. काही लॉट प्रतिसादही तितकाच दाबतात. तोवर जुन्या लॉटच्या उरलेल्या दोन बाटल्या प्लेट २ च्या फेरचाचणीला आणि प्लेट ३ ला राखून ठेवल्या.

४ सप्टेंबर: प्लेट २ फेर आणि प्लेट ३ (न-९ ते न-१२)

निगेटिव्ह पुन्हा १ ते ३. नि-१ दोन्ही प्लेटांवर १३६ आणि १५०, पहिल्याशी जुळणारे.

दोन नमुन्यांत शून्यासारखा निकाल: न-७ आणि न-११. दोन्हींत एम१, एनपी-अ, एनपी-ब आणि सीईएफ निगेटिव्हइतकेच. दोन्हींत अँटी-सीडी३ भरपूर, मोजता येऊ नयेत इतके ठिपके. वरवर पाहता दोन्ही शून्ये सारखीच वैध दिसतात.

सीईएफ शून्य आले म्हणून घाबरायचे कारण नाही. सीईएफ म्हणजे सायटोमेगॅलो, एप्स्टाइन-बार आणि फ्लू या विषाणूंची सीडी८ साठीची नेमकी पेप्टाइडे, ठरावीक एचएलए (पेशीवर पेप्टाइड धरून दाखवणारी, माणसागणिक वेगळी प्रथिने) प्रकारांनाच बसणारी. ज्याचे एचएलए त्यात नाहीत त्याला ती दिसणारच नाहीत. एम१ चे ५८ ते ६६ हे प्रसिद्ध पेप्टाइड एचएलए-ए*०२:०१ वर बसते. ते नसलेल्याला त्याचा उपयोग नाही. सीईएफचा होकार अर्थपूर्ण, नकार नाही.

अँटी-सीडी३ चा होकारही जेवढा वाटतो तेवढा भरवशाचा नाही. ते प्रतिपिंड टी-पेशीची मूळ कळच दाबते, पेप्टाइड दाखवणाऱ्या पेशींची कसोटी त्यात फारशी लागत नाही. आणि वेल भरून वाहत असेल तर निम्म्या पेशी थकलेल्या असल्या तरी तो भरूनच वाहतो. अति जोरदार नियंत्रण किरकोळ बिघाड झाकून टाकते. पुढच्या प्लेटपासून दोन वेलपैकी एकात १:१०००, दुसऱ्यात १:१०,०००. नि-१ वर सौम्य मात्रेचा नेहमीचा आकडा ठरवायचा आणि इतरांची तुलना त्याच्याशी करायची.

९ आणि १० सप्टेंबर: फ्लो (नि-१, न-७, न-११)

प्रत्येक स्थितीला १० लाख पेशी: डीएमएसओ, एम१, एनपी-अ, एनपी-ब, आणि होकारासाठी एसईबी (टी-पेशींना सरसकट चेतवणारे जिवाणूविष) १ मायक्रोग्रॅम प्रति मिली. सोबत चेतना वाढवणारी सीडी२८ आणि सीडी४९डी प्रतिपिंडे, प्रत्येकी १ मायक्रोग्रॅम प्रति मिली. एकूण ६ तास. पहिल्या तासानंतर ब्रेफेल्डिन ए (सायटोकाइन पेशीबाहेर जाऊ न देणारा) १० मायक्रोग्रॅम प्रति मिली. पेप्टाइडे पृष्ठभागावरच बसतात म्हणून ब्रेफेल्डिन लवकर चालतो. जिवंत विषाणू वापरला असता तर थांबावे लागले असते, कारण त्याचे तुकडे पेशीच्या आतून वर येतात आणि ब्रेफेल्डिन ती वाटच बंद करतो.

मृत पेशींचा रंग प्रथिनविरहित पीबीएसमध्येच. सीरम असले तर रंग त्यालाच चिकटून संपतो. सीडी३ आतून रंगवला, कारण चेतवलेल्या टी-पेशी तो पृष्ठभागावरून आत ओढून घेतात आणि ज्या शोधायच्या त्याच मोजणीच्या खिडकीबाहेर पडतात. सॅपोनिन पुढच्या प्रत्येक धुलाईत ठेवला. त्याने पडलेली छिद्रे तो काढला की मिटतात.

नोंदवलेल्या टी-पेशी किमान ३ लाख. ०.०१ टक्का प्रतिसाद असेल तर १ लाखात १० पेशी, आणि १० चा योगायोगी चढउतार ३ च्या वर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. ३ लाखांत ३० मिळतात, चढउतार १८ टक्क्यांवर येतो.

नि-१: एम१ चा प्रतिसाद जवळजवळ सगळा सीडी८, एनपीचा दोन्हींत वाटलेला. न-११: पेशी निरोगी, मोनोसाइट नेहमीइतके, एसईबीला उत्तम उत्तर, पेप्टाइडांना काही नाही. न-७: एसईबीचे उत्तर नि-१ च्या निम्म्याहून कमी, आणि वितळवताना न्यूक्लिएज असूनही गुठळ्या.

न-७ च्या गुठळ्यांचे मूळ ११ ऑगस्टच्या शेऱ्यात आहे. तासनतास पडून राहिलेल्या रक्तात न्यूट्रोफिल (ग्रॅन्युलोसाइटचा एक प्रकार) चेतवले जातात, त्यांची घनता घटते आणि ते फायकोलवर खाली न जाता लिम्फोसाइटच्या थरात तरंगतात. म्हणूनच थर जाड आणि मोजणी ६.१ कोटी. ती समृद्धी नव्हती, भेसळ होती. हे न्यूट्रोफिल टी-पेशींना दाबतात. गोठवून वितळवल्यावर त्यातले बहुतेक फुटतात, डीएनए सांडतो आणि गुठळ्या होतात. त्यामुळे फ्लोवर ते फार थोडे दिसले. फक्त फ्लोवर विसंबलो असतो तर भेसळ सुटली असती.

निर्णय: न-७ चे शून्य अवैध, नवे रक्त मागवायचे. न-११ उरलेल्या व्हायलवर एकदा परत. आणि नियम: रक्त घेतल्यापासून ८ तासांच्या आत फायकोलवर गेले नाही तर नमुना नाकारायचा. घेतल्याची वेळ ट्यूबवरच लिहायची, सोबतच्या कागदावर नाही.

१४ सप्टेंबर

न-७ चे नवे रक्त, ३ तासांत फायकोलवर. थर पातळ, स्वच्छ पांढरा. ४.४ कोटी. ताजे थेट लावायचा मोह होता, पण इतर सर्व नमुने गोठवलेले आहेत. न-७ चेही गोठवूनच.

१६ सप्टेंबर: सीरमची जोडी

महिनाभराच्या अंतरात न-७ ला फ्लू होऊन गेला असेल तर नव्या रक्तातला प्रतिसाद नवा ठरेल आणि जुने शून्य खरेच असण्याची शक्यता उरेल. म्हणून दोन्ही वेळची सीरमे हिमॅग्लुटिनेशन अवरोध चाचणीत (विषाणू तांबड्या पेशी गुठळतो, ते सीरममधली प्रतिपिंडे किती सौम्य होईपर्यंत रोखतात हे बघणे), एकाच दिवशी, एकाच प्लेटवर.

१ भाग सीरम, ३ भाग आरडीई (सियालिक आम्ल कापणारे एन्झाइम), ३७ अंशांवर रात्रभर, मग ५६ अंशांवर ३० मिनिटे, शेवटी ६ भाग सलाइन घालून १:१०. आरडीई गाळले तर सीरममधले सियालिक आम्लाचे घटक विषाणूला बांधतात आणि खोटा अवरोध दिसतो. विषाणू ४ युनिट प्रति २५ मायक्रोलिटर. विषाणूची मात्रा परत मोजताना पहिले तीन वेल गुठळले, चौथा नाही, म्हणजे मात्रा बरोबर. एच१एन१ (फ्लूची एक जात) साठी टर्कीच्या तांबड्या पेशी ०.५ टक्के, व्ही तळाची प्लेट, ३० मिनिटे, प्लेट तिरकी धरून वाचन. एच३एन२ साठी गिनीपिगच्या ०.७५ टक्के, यू तळ, एक तास, आणि २० नॅनोमोलर ऑसेल्टामिव्हिर, नाहीतर अलीकडच्या एच३एन२ चे न्यूरामिनिडेजच पेशींना धरते.

न-७: एच१एन१ दोन्ही वेळी १:४०, एच३एन२ आधी १:२०, आता १:४०. एका वेलचा, म्हणजे दुपटीचा, फरक चाचणीच्या नेहमीच्या डगमगीत येतो. चौपट वाढ, म्हणजे दोन वेल, कुठेच नाही. या दोन जातींपुरता तरी मधल्या काळात संसर्ग दिसत नाही.

१८ ते २० सप्टेंबर: प्लेट ४

न-७ नवे: निगेटिव्ह सरासरी २, एम१ चे २५, २९, २७. दहा लाखांमागे १००. एनपी-ब ६४, एनपी-अ मर्यादेखाली. सौम्य अँटी-सीडी३ नि-१ च्या बरोबरीचे.

न-७ चे जुने निकाल तक्त्यात 'अवैध, रक्त १९ तास' म्हणून राहतील, खोडायचे नाहीत.

न-११ चौथ्या व्हायलमधून. त्यात ८० लाखच होत्या, विश्रांतीनंतर ४३ लाख हाती आल्या, ९१ टक्के जिवंत. निगेटिव्हचे दोन वेल कमी केले. या वेळी सीडी४ साठीचा पूलही लावला, ज्यात टिटॅनसची पेप्टाइडे आहेत. त्याला उत्तर ८८. सौम्य अँटी-सीडी३ ठीक. म्हणजे दाखवणाऱ्या पेशी आणि टी-पेशी दोन्ही शाबूत. एम१ च्या तीन वेलमध्ये एकही ठिपका नाही. साडेसात लाख पेशींत शून्य आले, तरी ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की दहा लाखांमागे ४ पेक्षा जास्त नाहीत (३ ÷ ७.५ लाख). तक्त्यात 'शून्य' न लिहिता 'मोजमर्यादेखाली' लिहिले, शेजारी तपासलेल्या पेशींची संख्या.

न-११ चे व्हायल संपले. न-७ च्या नव्या तुकडीचे तीन शिल्लक, टाकी २, रॅक ब, खण १४ ते १६. आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यावर चौथी रेघ पडली.